त्रेचाळीसपैकी अकरा

आमच्या गावात भानुदास सरांच्या घरचा चहा प्यायचा असेल तर आधी त्यांच्या अंगणात डोळे मिटून एका पायावर उभं राहावं लागतं. सर ओट्यावर बसून मोठ्यानं आकडे म्हणतात. वीसपर्यंत टिकलात तर भरून कप, दहापर्यंत टिकलात तर अर्धा, त्याआधी पाय टेकला तर नुसतं पाणी. जावयाला सूट नाही, पाहुण्याला नाही, पोलीस पाटलाला तर मुळीच नाही. मागच्या निवडणुकीत सरपंचकीचे एक उमेदवार मतं मागायला गेले. सरांनी त्यांना हात जोडूच दिले नाहीत, आधी पाय उचलायला लावला. तिसऱ्या आकड्याला उमेदवार तुळशीवर, तुळस कुंडीसकट शेळीवर, आणि शेळी दावं तोडून पळाली ती थेट गोरेगावच्या जीपमध्ये जाऊन बसली.

"तीन," सर म्हणाले. "गावाचं नंतर पाहा, आधी सवताचा तोल पाहा."

शेळी जीपमध्ये बसली नव्हती. जीपच्या मागं पळाली होती. हे आत्ताच कबूल करून टाकतो, कारण मी फुगवून सांगतो अशी माझी गावभर बदनामी आहे, आणि या हकीगतीत पुढं त्या बदनामीला फार काम आहे.

माझं नाव दत्ता. मी आरोग्यसेवक. सेनगाव तालुक्यातली चार गावं माझ्याकडं. लोकांना वाटतं मी गोळ्या वाटतो. वाटतोच, पण पावसाळ्यात माझं खरं काम म्हणजे साठलेलं पाणी शोधायचं आणि ओतून द्यायचं. डास पाण्यात अंडी घालतो, म्हणून आठवड्यातला एक दिवस 'कोरडा दिवस': घरातला रांजण, हौद, कुलर, कुत्र्याचं भांडं, सगळं पालथं. गेल्या वीस वर्षांत मी इतकं पाणी ओतलं की येलदरीचं धरण दोनदा भरलं असतं.

"दहानं भागा," असा आवाज आता कुणीतरी द्यायला हवा होता. तो आवाज सरांच्या आईचा. गाव तिला मोठीमाय म्हणायचं. आतल्या खोलीत खिडकीशी बाजेवर बसलेली असायची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा तसाच राहिलेला, पण कान मात्र पाखरासारखे. अंगणात मी काही सांगायला लागलो की खिडकीतून हिशेब ऐकू यायचा.

"मोठीमाय, साखऱ्याच्या रस्त्याला काल वीस फुटी अजगर पाह्यला!"

"म्हंजी दोन फुटाचा. धामण असंल."

"आज दोनशे घरं फिरलो, पायाचे तुकडे पडले."

"वीस फिरला. दत्त्याचं दहानं भागायचं असतं, माय. मंग बराबर येतं."

आणि दर वेळी बराबर यायचं, हीच तर तकलीफ होती.

भानुदास सर गोरेगावच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. तीस वर्षं जीपनं जाऊन-येऊन केलं. जीपमध्ये बसण्याआधी ड्रायव्हरलाही एका पायावर उभं करायचे. ड्रायव्हर बदलले, जीपा बदलल्या, सरांची परीक्षा बदलली नाही. भेटले की राम राम नाही, नमस्कार नाही. "तोल हाय का?" एवढंच. यावर "हाय सर" म्हणायचं आणि चालू पडायचं. तुम्ही थांबलात तर ते तुमच्या कानाकडं बोट करून सांगायला लागणार, आणि मग जीप गेली म्हणून समजा.

सांगणं पाठ झालंय मला. "हे जे बाहेर दिसून राहिलं ना, हा कान न्हाई. ही नुसती चाळणी. खरा कान आत, हाडामधी. त्याच्यात ऐकायचं यंत्र हाय आन् त्याच्याच शेजारी तोलाचं. गवंड्याची पाणसळ असती ना, तिच्यात बुडबुडा हलतो? तसं. तीन वाटोळ्या नळ्या, त्यात पाणी. आन् खाली बारीक खडे. तू वाकलास की खडे वाकते, डोक्याला कळते. हे सगळं माणसात आन् बेडकात सारखंच!"

बेडूक आले की सर खुलायचे. माणसाच्या कानात डोकावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. गर्भात पोरगं असताना कान कसा घडतो ते कोण पाहणार? पण आपल्याकडं पावसाळ्यात डबक्यात एक अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक येतो, पाठीवर नक्षी असलेला. त्याची पिल्लं, म्हणजे बेडूकमासे, काचेसारखी आरपार. त्यांचा कान उघड्यावर घडतो. भिंग लावलं की डोळ्यांच्या मागं दोन पांढरे ठिपके दिसतात, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे. तेच तोलाचे खडे.

सरांच्या अंगणात अशा बेडकांचे सात टब होते. म्हणजे एका बाजूला साठलेलं पाणी ओतणारा मी आणि दुसऱ्या बाजूला साठलेल्या पाण्यावर जीव टाकणारे ते. आमचा पहिला पावसाळा भांडणात गेला. मी त्यांच्या टबात डास खाणारे गप्पी मासे सोडायला निघालो तेव्हा ते टबावर आडवे पडले. अक्षरशः आडवे. "गप्पी सोडला तर माझी पोरं खाईल तो! आधी मला खायला सांग त्याला!" शेवटी तह झाला. सरांनी टबांवर जुन्या मच्छरदाणीचं कापड बांधायचं आणि मी दारावर खडूनं फुली मारून पुढं जायचं. फुली म्हणजे 'इथं ओतायचं नाही'. तालुक्याला कळू द्यायचं नाही. हा तह मी तीन पावसाळे पाळला.

सर काय करत होते ते गावाला कळलं तेव्हा मोठी बोंब झाली. सर बेडकांची लग्नं लावायचे. पाऊस लांबला की आपल्याकडं बेडूक काठीला बांधून घरोघर फिरवतात, तसलं नाही. हे टबात नर-मादी निवडून, चिठ्ठी चिकटवून रीतसर लावायचे, आणि तीही एकाच आईच्या सख्ख्या भावंडांची.

भजनी मंडळाचे किसनबुवा काठी आपटत आले. "मास्तर, शिकलेला मानूस तुमी! बहीण-भावाचं लग्न लावून राहिले? गावाला पाप लावता का?"

"बुवा," सर म्हणाले, "तुमच्या घरात मामाची पोरगी केली का न्हाई?"

"ते आपल्यात चालतंच की. हक्क असतो मामाच्या पोरीवर."

"मंग तुमचं अर्धं, माझं पूर्ण. उभे राहा एका पायावर, चहा टाकतो."

बुवा सातव्या आकड्याला टेकले आणि पाणी पिऊन गेले.

आता हे सारं चक्रमपणाचं वाटतं. मलाही वाटायचं. गावात मी सरांची नक्कल करून लोकांना हसवायचो. पारावर एका पायावर उभा राहायचो आणि "तोल हाय का?" म्हणत धाडकन पडायचो. एकदा मागं वळून पाहिलं तर सर हातात पिशवी घेऊन उभे. म्हणाले, "पडताना डावीकडं पडलास. उजव्या कानाचं काम चांगलं दिसतं." आणि गेले.

खरी गोष्ट मला फार उशिरा कळली.

सरांना एक थोरली बहीण आहे, अक्का. जन्मापासून ऐकू येत नाही. पण तेवढंच नाही. अक्का चालायला शिकली चौथ्या वर्षी. दिवसा ठीक चालते, शेतात जाते, पाणी भरते. उजेड कमी झाला की मात्र तिचा हात भिंतीला जातो. दिसेनासं झालं की आपण उभे आहोत का कलतो आहोत हे तिला कळत नाही. सर लहान असताना संध्याकाळी तिचा हात धरून घरी आणायचं काम त्यांचं. एकदा वाटेत त्यांनी स्वतःचे डोळे मिटून घेतले, एक पाय उचलला, अक्काला कसं वाटत असेल ते कळावं म्हणून. पडले. नाक फुटलं. ती त्यांच्या परीक्षेची सुरुवात. चाळीस-पन्नास वर्षं हा माणूस गावाला एका पायावर उभं करत होता ते गंमत म्हणून नव्हे. सगळ्या गावानं अक्काचा एक क्षण तरी जगून पाहावा, एवढंच त्याला पाहिजे होतं.

आणि गाव चहासाठी उड्या मारत होतं. पुढच्या रांगेत मी.

अक्का अशी काहून झाली, याचं उत्तर गावाला कधीच मिळालेलं होतं. मोठीमायला सातवा महिना होता. भर दिवसा ग्रहण लागलेलं. बाई शेतात एकटी, भुकेली. वेलाला वाळूक होतं, आपल्याकडं काकडीसारखं असतं ते. तिनं इळ्यानं चिरून खाल्लं. ग्रहणात पोटुशीनं काही चिरायचं नसतं म्हणतात. पोरगी बहिरी निघाली तेव्हा सासूनं विचारलं आणि या भोळ्या बाईनं खरं सांगून टाकलं. संपलं. सरांचे वडील रागावले की तिला मारायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत. एकच शब्द म्हणायचे: "वाळूक." भाकरी करपली, वाळूक. बैल आजारी पडला, वाळूक. ते वारून पंचवीस वर्षं झाली, पण मोठीमायनं पुन्हा जन्मात वाळूक तोंडात घातलं नाही, आणि अक्का समोर आली की तिच्याकडं बघून अपराध्यासारखी हसायची.

सरांनी बारावीची मुलं शिकवता शिकवता हे कोडं सोडवलं होतं. मला त्यांनी ते किल्ल्यांनी समजावलं. "कान घडवायला शेकडो कुलपं उघडावी लागते. दर कुलपाच्या दोन किल्ल्या. एक माय देती, एक बाप देतो. एक जरी सरळ असली तरी कुलूप उघडतं, म्हणून वाकडी किल्ली घेऊन फिरनाऱ्याला पत्ताच नसतो. दोघांकडूनबी वाकडीच आली की मंग बंद. माय ही बापाच्या मामाची पोरगी. दोघांचा आजा एकच. त्या आज्याची एक वाकडी किल्ली दोघांच्या खिशात. त्यात वाळकानं काय केलं, सांग!"

"मग सांगा की मोठीमायला."

"सांगून राहिलो तीस वर्षं. ती म्हणती, तू लेक हायस, मायची बाजू घेनारच. पुस्तक दाखवलं तर म्हणती, पुस्तक तूच वाचून राहिला न." मग सरांनी टबाकडं बोट केलं. "बेडूक कुनाची बाजू घेत न्हाई, दत्ता."

तेव्हा मला समजलं सात टबांचं कारण. तीन पावसाळ्यांपूर्वी त्यांना घरामागच्या डबक्यात काही बेडूकमासे दिसले होते, पोहायचं सोडून जागच्या जागी भोवरा होऊन गरगर फिरणारे. भिंगातून पाहिलं तर त्यांच्या कानात ते पांढरे खडेच नव्हते. सरांनी त्यांची धडधाकट भावंडं वाढवली. त्यातल्या कुणाकुणाच्या खिशात वाकडी किल्ली असणार. जोड्या लावल्या. पहिल्या वर्षी काही नाही. दुसऱ्या वर्षी टब आटले. तिसऱ्या वर्षी एका जोडीची पिल्लं फिरायला लागली. आई चांगली, बाप चांगला, ग्रहण नाही, विळा नाही, आणि चारातलं एक पिल्लू भोवरा.

सरांनी स्वतःचं लग्नही याच हिशेबात मोडलं होतं. त्यांच्यासाठी मामाची पोरगी ठरलेली होती. त्यांनी नाही म्हटलं, मामाचं घर कायमचं तुटलं. दुसरी का केली नाही विचारलं तर म्हणाले, "माझ्या खिशात कोनती किल्ली हाय, मला म्हाईत न्हाई." मग हसून, "आन् अक्काला संध्याकाळी घरी कुनी आनलं असतं?"

पिल्लं फिरायला लागली त्या आठवड्यात मी गेलो तर सरांनी मला टबापाशी नेलं. एक पांढरा वाडगा भरून घेतला आणि म्हणाले, "तू मोज. मी मोजलं तर लेकानं मोजल्यासारखं व्हतं." मी मोजले. एकूण त्रेचाळीस. फिरणारे अकरा. फिरणाऱ्यांना अन्न नीट मिळत नाही म्हणून सर पालक उकडून, वाटून, त्यांच्या तोंडाशी थेंबाथेंबानं सोडत होते. पाय फुटल्यावर ती पिल्लं पाण्याबाहेर येऊ शकणार नाहीत, बुडतील, म्हणून विटेचा तुकडा घासून त्यांच्यासाठी उतार करून ठेवला होता. दुसऱ्या कुणीही ती फेकून दिली असती.

"शुक्रवारी हिंगोलीहून मोठं भिंग आनतो," सर म्हणाले. "तिच्या एका डोळ्याला दिसंल असं. वाडगा तिच्या मांडीवर ठेवतो आन् बोलतच न्हाई. तिला मोजू देतो."

शुक्रवार हा आमचा कोरडा दिवस. सर सकाळच्या जीपनं गेले. आणि दहाच्या सुमारास तालुक्याहून साहेब आले, न सांगता.

आता इथं मी काहीच फुगवणार नाही.

साहेबांसोबत गावातून फिरताना मी जोरात होतो. म्हणालो, "साहेब, माझ्या गावात एक वाटी पाणी साठलेलं दाखवा, मिशी काढून देतो." दहा-बारा घरं झाली. सरांच्या गल्लीत आलो. दारावरच्या फुलीपुढून मी सरळ निघालो तर साहेब थांबले. "ही फुली कशाची?" मी काहीतरी पुटपुटलो. साहेबांनी दार ढकललं. अंगणात सात टब.

साहेब माझ्या मिशीकडं बघून हसले. एवढंच. रागावले असते तर मी समजावलं असतं कदाचित. ते हसले, आणि मला लाज वाटली.

अक्का घरातून आली. मी टबाला हात लावला तशी तिनं माझं मनगट धरलं. मान हलवली. मग दुसऱ्या हाताचं बोट हवेत धरून गोल गोल फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिला वाटलं मला कळत नाही. मला कळत होतं. सगळ्या गावात तेव्हा ते बोट कळणारा मी एकटा होतो. आणि मी साहेबांकडं वळून म्हणालो, "बहिऱ्या हायत साहेब, त्यांना कळत न्हाई."

आणि ओतलं. सातही टब.

साहेबांनी वहीत चांगला शेरा लिहिला. आम्ही पुढच्या घरी गेलो. मागं वळून पाहिलं तेव्हा अक्का चिखलात बसून बोटांनी काहीतरी उचलून पेल्यात टाकत होती.

दुपारी सर आले तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसलेलो होतो. शिव्या खायची तयारी करून. मार खायचीसुद्धा. त्यांनी अंगण पाहिलं. अक्काच्या हातातला पेला पाहिला. त्यात चार-पाच जिवंत होते, सगळे सरळ पोहणारे. पिशवीतून भिंग काढलं, कागद सोडला, पेल्यावर धरलं, पुन्हा कागदात गुंडाळलं. मग आत गेले आणि चहा घेऊन आले. भरून कप.

त्यांनी मला एका पायावर उभं केलं नाही.

मी म्हटलं, "सर, उभा राहतो की."

"राहू दे," ते म्हणाले. "पी."

त्या कपाएवढी जड वस्तू मी आजवर उचलली नाही.

जोडीतले आईबाप बेडूक ओल्या मातीच्या मडक्यात सुखरूप होते, पण ते पुढच्या पावसाळ्याशिवाय अंडी घालणार नव्हते. आणि दिवाळीनंतर मोठीमायनं अंथरूण धरलं. एका सकाळी सर माझ्याकडं आले. पहिल्यांदाच ते "तोल हाय का" म्हणाले नाहीत.

"दत्ता, तू मोजलं व्हतंस. तू सांग तिला. तू परका हायस, तुह्यं ती धरंल."

मी गेलो. बाजेच्या कडेला बसलो. तिचा हात हातात घेतला. किल्ल्यांची गोष्ट सांगितली, सरांनी सांगितली होती तशीच. मग म्हणालो, "मोठीमाय, मी सवता मोजले. माय-बाप दोघं चांगले होते. त्रेचाळीस पिल्लं. त्यातली अकरा फिरून राहिली होती. गरगर. ग्रहण न्हाई, काही न्हाई. त्यात तुह्या वाळकाचा काही दोष न्हाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या ओठांशी काहीतरी हललं. मला वाटलं, पटलं. मला वाटलं, मी एकदा तरी कामाला आलो.

"अकरा?" ती म्हणाली.

"अकरा, मोठीमाय. देवाशपथ."

"तुह्ये अकरा," ती म्हणाली आणि हसायला लागली. "म्हंजी एखादं असंल, लेकरा. एखादं असतंच."

मी शपथा घातल्या. मुलांची घातली, आईची घातली. जसजसा मी शपथा घालू लागलो तसतशी ती जास्तच हसली. अजगराच्या वेळीही मी अशाच शपथा घातल्या होत्या. हसता हसता तिला ढास लागली. सरांनी तिला पाणी पाजलं. मग ती शांत पडून म्हणाली, "मन चांगलं हाय तुह्यं. मला बरं वाटावं म्हनून सांगून राहिला. पन माह्या हातानं चिरलं व्हतं रे ते. मला म्हाईत हाय."

दाराशी अक्का उभी होती. तिच्याकडं बघून मोठीमाय हसली, तसंच, नेहमीसारखं.

पौषात ती गेली.

वीस वर्षं मी गावाला हसवलं. दोन फुटांची धामण वीस फुटांची केली. त्यातलं एकही खोटं कुणाला लागलं नाही, असं मी समजत होतो. ज्या दिवशी माझ्याकडं एकच खरा आकडा होता, त्या दिवशी त्याला किंमत उरली नव्हती. सगळी मीच उधळून बसलो होतो, अजगरावर आणि शेळीवर.

या पावसाळ्यात श्रावणाच्या तोंडावर सरांचा फोन आला. "येऊन जाय."

अंगणात एकच टब होता. त्यावर मच्छरदाणीचं कापड, आणि दारावर फुली नव्हती. मी तालुक्याला लेखी कळवून परवानगी मागितली होती. साहेबांनी एका ओळीत दिली. मागच्या वर्षीही दिली असती. मी मागितलीच नव्हती.

सरांनी पांढरा वाडगा भरून माझ्या हातात दिला. अक्का भिंतीला हात लावून जवळ येऊन उभी राहिली, उजेड उतरायला लागला होता. तिच्या हातात ते भिंग होतं. मी मोजायला लागलो. सरळ पोहणारे एकीकडं, भोवरे एकीकडं. चुकलो असं वाटून पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा.

"किती?" सरांनी विचारलं.

"बावन्न. फिरणारे तेरा."

सरांनी वहीत लिहिलं नाही. मान खाली घालून ते आतल्या खोलीच्या खिडकीकडं कान देऊन उभे राहिले. मीही तसाच. खिडकीशी बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

आतून कुणीच दहानं भागलं नाही.